खाचेतला गोंद

लाकडाची ताकद तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत सगळे त्याला मेस्त्रीच म्हणत. एकोणीस वर्षं तो तिथे एकच काम करत होता, मोडण्यासाठी वस्तू बांधायच्या. दारं, जिने, भिंतींच्या चौकटी, छपरं. तो त्या जीव ओतून बांधायचा आणि मग जॅकवरचा माणूस त्या ढकलून, ओढून, वाकवून मोडायचा. या माणसाला सगळे पैलवान म्हणत, कारण त्याचं वजन जेमतेम पन्नास किलो होतं. नोकरी लागल्यावर मेस्त्रीने घरी येऊन कामाचं स्वरूप सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली होती, "म्हणजे दिवसभर राबायचं आणि संध्याकाळी सगळं मोडून घरी यायचं? मग इथेच बसून भांडी फोडा की."

त्या वर्षी मॅडमनी छपरांचं काम हाती घेतलं. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेतल्या मुख्य संशोधक. मेस्त्रीपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, पण हाताखालच्या कुणालाही त्यांनी कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

प्लायवूडचं छप्पर म्हणजे खाली ओळीने वासे आणि त्यावर आडव्या टाकलेल्या शीट्स. शीटच्या आखूड कडा वाशावर टेकतात, तिथे खिळे मारता येतात. लांब कडा मात्र दोन वाशांच्या मधल्या पोकळीवर अधांतरी राहतात. म्हणून त्या कडांखाली, वाशावाशांच्या मध्ये, लाकडी ठोकळे बसवायचे आणि कडा त्यांवर ठोकून घ्यायच्या. ठोकळे नसले तरी छप्पर पडत नाही. ऊन-पाऊस अडवतं, माणूस वर चालला तरी काही होत नाही. पण जोराचा वारा सुटला की तो भिंतीला ढकलतो, भिंत छपराला ढकलते आणि सगळं छप्पर आडवं ताणलं जातं. कडा धरलेल्या असतील तर ते एकजीव राहून जोर बाजूच्या भिंतींवर नेऊन सोडतं. नसतील तर शीट्स एकमेकींना घासत सरकतात आणि खिळे उपटून निघतात.

मोठ्या छपराला असे पाच-सहाशे ठोकळे लागतात. प्रत्येक मोजून कापायचा, मान वर करून बसवायचा. बांधणारे वैतागतात. त्यामुळे मॅडमचा प्रश्न सरळ होता. शीटच्या एका कडेला खाच आणि दुसरीला जीभ काढली, आणि ही जीभ त्या खाचेत बसवली, तर ठोकळ्यांशिवाय भागेल का?

तीन प्रकारची छपरं बांधायचं ठरलं. खोलीएवढी मोठी, जमिनीवर आडवी मांडलेली. पहिलं ठोकळ्यांसकट. ते साडेनऊ टनांपर्यंत टिकलं आणि मग असं कडाडलं की पैलवानाने जागच्या जागी उडी मारली. दुसरं साध्या कडांचं, ठोकळ्यांविना.

दुसऱ्याच्या तपासणीच्या दिवशी इमारती बांधणाऱ्या इंजिनिअरांचा एक घोळका बघायला आला होता. जॅक पाच टनांवर गेला आणि मधल्या सांध्यावर एक शीट दुसरीवर चढली. खिळे एकामागून एक निघाले. टकटक, टकटक, कुणी दार वाजवावं तसे. घोळक्यातला एक गृहस्थ शेजारच्याला हसून म्हणाला, "मेस्त्री नवीन दिसतोय यांचा."

दोघे-तिघे हसले. मॅडम पाठमोऱ्या उभ्या राहून आकडे टिपत होत्या, त्यांनी ऐकलं नाही. पण मेस्त्रीच्या कानात ते वाक्य उकळत्या तेलासारखं गेलं. त्याच्या हातच्या कामाला आजवर कुणी हसलं नव्हतं. तो हातातला हातोडा पुसत राहिला. पुसण्यासारखं त्याला काही लागलेलं नव्हतं.

तिसरं छप्पर जीभ-खाचेचं. त्याच्या तपासणीलाही तीच मंडळी येणार होती. मेस्त्री शीट्स जुळवायला बसला तेव्हा पैलवान जेवायला गेला होता. फळीवर पांढऱ्या गोंदाचा डबा होता, स्टुलं-खुर्च्या दुरुस्त करायचा. फर्निचरमध्ये कोरडी जीभ खाचेत कोण घालतं? कुणीच नाही. गोंद लावल्याशिवाय सांधा बसवणं म्हणजे अर्धवट कामच. असं तो मनाशी बोलला, आणि बोलता बोलता त्याने डबा खाली घेतला. पातळ काठीने खाचेत गोंदाची एक बारीक रेघ ओढली, मग दुसरी. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने इतका स्वच्छ पुसला की सांध्याच्या कडेला थेंबही दिसू नये.

ते छप्पर नऊ टनांवर गेलं. सांधा तसूभर हलला नाही. मोडलं ते दुसरीकडेच, वाशाच्या टोकाला. घोळक्यातल्या त्या गृहस्थाने टाळ्या वाजवल्या.

चहाच्या वेळी मॅडम वही घेऊन मेस्त्रीकडे आल्या.

"सांधा किती सरकला ते मोजणारा काटा जागचा हलला नाही, मेस्त्री. मला अर्धा सेंटिमीटर तरी अपेक्षित होतं. तुम्ही बांधताना काही वेगळं केलंत का?"

"नाही, मॅडम."

"सगळं आकृतीप्रमाणे?"

"आकृतीप्रमाणेच."

मॅडमनी मान डोलावली आणि तिथेच उभ्या उभ्या वहीत लिहिलं. मेस्त्रीला अक्षरं उलटी दिसत होती, तरी वाचता आली. 'बांधणी आकृतीनुसार. मेस्त्रींकडून खात्री केली.'

तेव्हाच सांगून टाकता आलं असतं. चहा गरम होता तोवर सांगितलं असतं तर एक छप्पर फुकट गेलं असतं, मॅडम रागावल्या असत्या, संपलं असतं. तो चहा पीत राहिला.

पण मॅडम कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. एका निकालावर त्यांचा विश्वास बसेना. "हेच परत बांधा," त्या म्हणाल्या. आता कोरडं बांधावं तर पाच टनांत मोडणार आणि पहिल्याचं बिंग फुटणार. त्याने पैलवानाला काहीतरी आणायला गोदामात पाठवलं आणि पुन्हा डबा काढला. पहिल्या वेळी निदान राग होता. या वेळी नुसती भीती होती, आणि तरी रेघ सरळच आली. तीस-चाळीस वर्षांचा सराव असा वेळेला दगा देत नाही, हेच त्याला सगळ्यात जास्त लागलं.

अहवाल छापून आला. जीभ-खाचेच्या शीट्स असतील तर ठोकळे गाळता येतील, असा त्याचा मथितार्थ होता. आभाराच्या पानावर मेस्त्रीचं नाव होतं, 'ज्यांच्या अचूक हातांशिवाय हे काम होऊ शकलं नसतं' असं. संचालकांनी बोलावून हात मिळवला. बायकोने ते पान कपाटाच्या काचेला आतून चिकटवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागली. कपाटात मेस्त्रीचे कपडे होते. त्याने दोन सदरे बाहेर खुंटीला टांगले आणि तेच आलटून-पालटून घालू लागला.

"कपाट काय चावतं का तुम्हाला?" बायकोने विचारलं.

"दार नीट लागत नाही."

"मेस्त्रीच्या घरातलं दार," ती म्हणाली, आणि हसली.

चार-पाच महिन्यांनी लेक आणि जावई जेवायला आले. जावई छपरं बांधायचाच धंदा करायचा. सहा माणसांची टोळी होती, कामाला चोख होता आणि सासऱ्याला फार मानायचा. जेवताना तो खुशीत होता.

"मामा, शाळेच्या खेळाच्या जुन्या हॉलवर नवं छप्पर घालायचं काम मिळालंय. मोठं आहे. आणि तुमच्यामुळे आमचे खांदे वाचले बघा. इंजिनिअरने तुमचा अहवाल वाचून सगळे ठोकळे काढून टाकले. सहाशे ठोकळे."

मेस्त्रीच्या हातातला घास हातातच राहिला.

"पण खरं सांगू का?" जावई पुढे म्हणाला. "मला मनातून पटत नव्हतं. नुसती जीभ खाचेत घातल्याने एवढा फरक कसा पडेल? मग म्हटलं, छप्पर मामांनी बांधलंय. तुम्ही तर डोळ्यांनी बघितलंत ना?"

"बघितलं," मेस्त्री म्हणाला.

"झालं तर मग."

लेकीने बापाच्या ताटाकडे पाहिलं. "बाबा, भाजी आवडली नाही का?"

"आवडली की," तो म्हणाला, आणि बाकीचं जेवण पाण्याच्या घोटाबरोबर ढकललं.

त्यानंतरचे नऊ दिवस त्याने कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. मॅडम समोरून आल्या की तो वाकून खिळे वेचायला लागायचा. तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेला आणि तीनदा भलतंच काहीतरी विचारून परतला. तिसऱ्या वेळी त्याने विचारलं, "मॅडम, पंखा नीट चालतोय ना?" मॅडमनी वर पंख्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "चालतोय, मेस्त्री. तुमची तब्येत बरी आहे ना?"

सुट्टीच्या दिवशी तो न राहवून हॉलवर गेला. शाळेला सुट्टी होती, पण कामाला नव्हती. निम्म्या छपरावर शीट्स टाकून झाल्या होत्या. जावयाने त्याला पाहताच हातातलं काम टाकलं आणि टोळीला हाक मारली.

"हे माझे सासरे. ते अहवालातले मेस्त्री."

एका म्हाताऱ्या कारागिराने खाली उतरून डोक्यावरची टोपी काढली. दुसऱ्याने बसायला पेटी पुढे सरकवली, आधी ती बाहीने पुसली. मेस्त्रीला त्या पेटीवर बसवेना. तो शिडी चढून मचाणावर गेला. वाशांच्या मध्ये उभं राहून त्याने एका सांध्याला खालून तळवा लावला आणि दाबलं. एक शीट किंचित उचलली गेली, दुसरी जागेवर राहिली, आणि जिभेवरून उजेडाची बारीक फट दिसली. त्याने हात काढला. फट मिटली.

खाली चेंडू खेळण्यासाठी रंगाने आखलेल्या जागा होत्या. पलीकडच्या भिंतीशी मुलींच्या बुटांची रांग कुणीतरी विसरून गेलं होतं.

जावई शेजारी येऊन उभा राहिला. "कसं वाटतंय, मामा?"

"काम थांबवा," मेस्त्री म्हणाला.

"का? काही चुकलं का आमचं?"

"तुमचं नाही." मेस्त्रीने पुन्हा त्या सांध्यावर हात ठेवला. "मी खाचेत गोंद भरला होता. दोन्ही छपरांच्या. ते गोंदाने टिकलं, जिभेने नाही. मॅडमना माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

जावयाने वरच्या माणसांना खाली उतरायला सांगितलं, अगदी शांतपणे. खाली कुणीतरी कारण विचारलं, तर म्हणाला, "चहा घ्या."

"मी त्या दिवशी तुम्हाला विचारलं होतं," तो मेस्त्रीकडे न बघता म्हणाला. "तुमच्या लेकीसमोर विचारलं होतं."

"हो."

"काम मी थांबवतो. का थांबवलं ते मी कुणाला सांगणार नाही. ते तुम्ही सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पैलवान यायच्या आधी मेस्त्री मॅडमच्या खोलीत जाऊन उभा राहिला. रात्री घोकलेली वाक्यं एकही आठवली नाही. "मॅडम, जरा मागच्या अंगणात येता का?" एवढंच म्हणाला.

मागच्या अंगणात मोडकी छपरं ताडपत्रीखाली रचून ठेवलेली असत. त्याने जीभ-खाचेच्या छपराचा एक तुकडा ओढून काढला, करवतीने सांध्याचा हातभर भाग कापला, आणि पटाशी घालून तो उकलला. सांधा सुटेना. सुटला तेव्हा लाकडाचे पापुद्रे उपटून निघाले आणि खाचेत पिवळट, काचेसारखा गोंद दिसला.

मॅडम वाकल्या. त्यांनी नखाने तो खरवडला. बोटाकडे पाहिलं.

"दुसऱ्यालाही?"

"दुसऱ्यालाही."

"मी विचारलं होतं तुम्हाला, मेस्त्री."

"हो, मॅडम."

"का केलंत?"

त्याने सांगितलं. तो घोळका, ते वाक्य, ते हसणं. सांगताना त्याचं त्यालाच कळत होतं की हे किती लहान आहे. एका टिचभर वाक्यासाठी. पन्नाशी उलटलेल्या माणसाने.

मॅडम ताडपत्रीच्या कडेवर बसल्या. त्यांचा चेहरा एकदम थकलेला दिसला.

"मी ते ऐकलंच नाही," त्या म्हणाल्या. "ऐकलं असतं तर तिथेच सांगितलं असतं त्या माणसाला. ते छप्पर मोडायलाच बांधलं होतं, मेस्त्री. पाच टनांत मोडलं म्हणजे तुम्ही ते नीट बांधलं होतं. त्या दिवशी तुमचं काम उत्तम झालं होतं. तुम्हाला हे कळलं नाही? एकोणीस वर्षांत?"

मॅडम ओरडल्या असत्या तर त्याने ते झेललं असतं. हे झेलता येईना. तो मान खाली घालून उभा राहिला आणि डोळ्यांतलं पाणी नाकावरून पटाशीवर पडलं, तेही मॅडमनी पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

त्या दिवशी मॅडमनी शाळेच्या इंजिनिअरला फोन केला आणि अहवाल जिथे जिथे गेला होता तिथे पत्रं लिहिली. पत्रात त्यांनी लिहिलं, 'सांधा उघडून तपासण्याची जबाबदारी माझी होती, ती मी पार पाडली नाही.' मेस्त्रीचं नाव त्यांनी कुठे घातलं नाही. त्याने ते वाचलं आणि म्हणाला, "मॅडम, हे असं नको. मी सांगतो."

"सांगा," त्या म्हणाल्या. "पण हे वाक्य राहील. ते खरं आहे."

पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या बैठकीत तो उभा राहिला. संचालक होते, सगळे संशोधक होते, दाराशी पैलवान होता. मेस्त्रीने कागद न घेता सांगितलं, किती वेळा, कुठल्या डब्यातून, पैलवानाला कुठे पाठवून. कुणी हसलं नाही. कुणी रागावलंही नाही. सगळे आपापल्या समोरच्या वह्यांकडे बघत होते. बाहेर आल्यावर पैलवान म्हणाला, "त्या दिवशी गोदामात मी अर्धा तास मधल्या मापाचे खिळे शोधत होतो. नव्हतेच तिथे."

"माहीत होतं मला," मेस्त्री म्हणाला.

पैलवान निघून गेला. दोन महिने तो मेस्त्रीशी कामापुरतंच बोलला.

लेखी ताकीद मिळाली, व्हायची होती ती बढती गेली. फेरचाचणीचं छप्पर मात्र मॅडमनी त्याच्याचकडून बांधून घेतलं. प्रत्येक सांधा बसवताना एक तरुण संशोधक शेजारी उभी राहून फोटो काढत होती. ती बिचारी दर वेळी "सॉरी हं, काका" म्हणायची, आणि दर वेळी मेस्त्रीचे कान तापायचे. छप्पर साडेपाच टनांवर सुटलं. जीभ खाचेतून जुन्या दातासारखी बाहेर आली. मॅडमनी आकडा लिहिला.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती उठून कपाटाकडे गेली, नखाने चिकटपट्टी सोडवली, ते पान दुमडून खालच्या कप्प्यात ठेवलं. मग म्हणाली, "मी शेजारी-पाजारी सगळ्यांना दाखवलं हो." एवढंच. तेवढं पुरलं.

हॉलचे सहाशे ठोकळे परत आकृतीत आले. टाकलेल्या शीट्स उचलायच्या नाहीत, खालून ठोकळे बसवायचे आणि वरून खिळे मारायचे, असं इंजिनिअरने ठरवलं. मेस्त्री जावयाला म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी मी येतो. ठोकळे कापायला."

जावयाने खांदे उडवले. "या."

तो सात आठवडे गेला. टोळीतल्या त्या म्हाताऱ्या कारागिराने या वेळी टोपी काढली नाही, पण स्वतःच्या डब्यातला चहा अर्धा दिला. मेस्त्री मचाणावर उभा राहून ठोकळा कडेखाली दाबून धरायचा, वर जावई खिळा मारायचा. प्रत्येक घाव लाकडातून त्याच्या मनगटात उतरायचा. संध्याकाळी मान वळत नसे. जावई कामापुरतं बोलायचा. डावीकडे, थांबा, पुढचा. लेक एकदा येऊन खाली उभी राहिली, वर बघत, आणि निघून गेली.

सातव्या आठवड्यात जावई खाली उतरून बसवलेले ठोकळे बोटाने तपासत निघाला होता. एकापाशी थांबला. वाशाच्या आणि ठोकळ्याच्या मध्ये त्याचं नख आत गेलं.

"हा दोन सूत आखूड आहे, मामा."

मेस्त्रीने पाहिलं. होता आखूड. संध्याकाळ होत आली होती, डोळे दमले होते, पण ते काही सांगण्यासारखं नव्हतं.

"परत कापतो," तो म्हणाला.

"कापा."

मेस्त्री शिडीवरून खाली उतरला. लाकडाच्या ढिगातून त्याने एक सरळ तुकडा निवडला, माप दोनदा घेतलं आणि करवत हातात घेतली. वर जावई तो जुना ठोकळा ठोकून काढत होता. तो मोकळा झाला तेव्हा जावयाने मचाणाच्या कडेवरून खाली वाकून विचारलं, "मामा, टेप तुमच्याकडे आहे की माझ्याकडे?"

"माझ्याकडे आहे," मेस्त्री म्हणाला, आणि कापायला लागला.